परक्या शहरात सापडलेलं सँडविचचं दुकान: चव खरी की भूक खरी?

पायपीट

कामानिमित्त व्हिएतनामातल्या सायगॉनला जाणं झालं. (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथली मंडळीही बोलताना सर्रास सायगॉनच म्हणतात.) संध्याकाळची मीटिंग नको तितकी लांबली, बरोबरचे लोक हॉटेलवर पोचताच आपापल्या खोल्यांत गुडुप झाले आणि मी पाण्याची बाटली आणायला खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी उभी होती. वर काचेचं कपाट, मागे पावाची टोपली, कडेला निखाऱ्यांवर जाळी. पाटी असेलही, मला वाचता आली नसती.

गाडीवरच्या बाई प्रत्येक पाव उचलून अंगठ्याने दाबून बघत होत्या. कुर्रकन वाजला तर घ्यायचा, नाहीतर जाळीवर. मग कात्रीने एका अंगाने चीर. आत एका बाजूला लिव्हरचं पॅटे (पावाला फासायचं मऊ वाटण), दुसऱ्या बाजूला पिवळंधमक मेयोनीज, पोर्कचे पातळ काप, काकडीची लांबच लांब फोड, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं मुठीत पिळून, कोथिंबीर देठांसकट, मिरचीचे काप आणि शेवटी एका बाटलीतून तपकिरी सॉसचे झटके. कागद, रबरबँड, पुढचं गिऱ्हाईक. माझे पैसे मोजून होईपर्यंत सँडविच हातात.

फुटपाथवरच उभं राहून खाल्लं. ओढणीवर चुरा सांडला तो सांडलाच. तेव्हापासून कुठलंही सँडविच समोर आलं की मनात तुलना होते आणि समोरचं हरतं.

तर प्रश्न असा. तुम्हाला असं दुकान परक्या शहरात सापडलंय का? शोधत गेला होतात की पाय नेतील तिथे? आणि ते खरोखर इतकं भारी होतं, की दमलेला जीव आणि अनोळखी गल्ली यांनी ते भारी केलं? घरी तेच सगळे जिन्नस आणून बघितले. नाही जमत. का?

उपाशीपोटी

भूक. धागा बंद करायला हरकत नाही.

चिंगी

उपाशीपोटी, आयडीला जागलात! हसून हसून पुरेवाट!

कडकपाव

भूक हे कारण असतं तर त्या रात्री खोलीत ठेवलेला बिस्किटांचा पुडाही अजरामर झाला असता. कारण पाव आहे.

तो व्हिएतनामी पाव दिसायला फ्रेंच बगेटचा, म्हणजे त्या लांबट पावाचा, धाकटा भाऊ, पण जात वेगळी. कवच अगदी पातळ, आत निम्मी हवा. भट्टीत सुरुवातीला भरपूर वाफ सोडतात, त्यामुळे वरचा पापुद्रा लवकर कडक होत नाही, पाव मनसोक्त फुगतो आणि मग ते ताणलेलं पातळ कवच कुरकुरीत होतं. दमट हवेत हे कवच काही तासांतच मऊ पडतं. म्हणून चालत्या गाडीवर पाव दिवसातून अनेकदा येतो आणि म्हणूनच ते निखारे. पायपीटताई, त्या बाई अंगठ्याने दाबत होत्या ना, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

घरी का जमत नाही? पाव विकत आणून आपण फ्रिजमध्ये टाकतो. पाव सर्वात लवकर शिळा होतो तो फ्रिजमध्येच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो, गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि हे काम शून्य अंशाच्या जरा वर सगळ्यात जोरात चालतं. फ्रीझरमध्ये मात्र जवळजवळ थांबतं. तेव्हा पाव एकतर ओट्यावर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. मधली जागा नाही.

अवांतर: तांदळाचं पीठ घातल्यामुळे तो हलका होतो, असं ठिकठिकाणी वाचायला मिळेल. बहुतेक बेकऱ्या निव्वळ गव्हाचंच पीठ वापरतात. हलकेपणा येतो तो फुगवण्यामुळे आणि पिठात मिसळलेल्या ब्रेड इम्प्रूव्हरमुळे (पाव फुगायला मदत करणारी पूड).

पायपीट

फ्रिजचं घरात जाहीर केलं. कोणीही ऐकलं नाही. पाव आता फ्रिजमध्येच आहे, फक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात गेलाय.

शास्त्रीबुवा

थोडा इतिहास घुसडतो, कंटाळा आला तर पुढे जा. पाव फ्रेंचांनी व्हिएतनामात नेला, पण तो बराच काळ त्यांच्याच पद्धतीने खाल्ला जायचा: ताटात पाव, बाजूला लोणी, हॅम, पॅटे. १९५४ साली देशाची फाळणी झाली आणि लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. हनोईकडून आलेल्या अशाच एका जोडप्याने १९५८ मध्ये सायगॉनला 'होआ मा' नावाचं दुकान काढलं. बसून खायला वेळ नसलेल्या गिऱ्हाइकांना ते ताटातलं सगळं पावात भरून द्यायला लागले. ते दुकान आजही चालू आहे. भरल्या पावाची ही पद्धत रूढ होण्यात या दुकानाचं नाव हमखास घेतलं जातं. १९७५ नंतर निर्वासितांबरोबर हे सँडविच कॅलिफोर्निया, पॅरिस, सिडनीला पोचलं.

थोडक्यात, पायपीट यांनी जे खाल्लं ते मुळात घाईत असलेल्या माणसांसाठीच बनलं होतं. मीटिंगहून आलेल्या माणसाला ते आवडलं नसतं तरच नवल.

उपाशीपोटी

म्हणजे भूक. धन्यवाद शास्त्रीबुवा.

मोकाट

मी 'पाय नेतील तिथे' पंथाचा नाही. परक्या शहरात वेळ मोजका असतो, पोटात जागा त्याहून मोजकी. नावाजलेल्या ठिकाणी सरळ जायचं, उगाच शोधक होण्याची हौस नाही.

न्यूयॉर्कला हाउस्टन स्ट्रीटवरचं कॅट्झ नावाचं दुकान. १८८८ पासूनचं. आत शिरताना दारातच एक तिकीट हातात देतात, त्यावर तुम्ही काय घेतलं ते लिहिलं जातं आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे भरायचे. हरवलं तर वेगळा भुर्दंड, त्यामुळे लोक जेवताना एक हात खिशावर ठेवून असतात. काउंटरवर कापणाऱ्या माणसांच्या वेगवेगळ्या रांगा. आमच्या माणसाने वाफाळता पस्ट्रामीचा (मसाला लावून धुरावलेल्या बीफचा) तुकडा हाताने कापला, आधी एक काप बशीत ठेवून माझ्यापुढे सरकवला आणि मी खाईपर्यंत सुरी थांबवून बघत राहिला. मी मान डोलावली, मग पुढचं काम. मशीनने कापलं असतं तर त्या मांसाचा भुगा झाला असता, इतकं ते मऊ असतं. राय ब्रेड, मोहरी, बस. मेयोनीज मागू नका, आजूबाजूचे वळून बघतात.

हे सगळं मला प्रवासाआधीच माहीत होतं, तरी मजा कमी झाली नाही. 'अचानक सापडलं' याला आपण उगाच भाव देतो.

गोगलगाय

मोकाट, असहमत. तुम्ही दुकान बघायला गेलात आणि सँडविच खाऊन आलात. पायपीट सँडविच खायला गेल्या... नाही, त्या तर पाणी आणायला गेल्या होत्या.

तिखटमीठ

वाचतेय आणि जळतेय. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी या धाग्यावर काय करायचं? परदेशात सँडविचच्या दुकानात गेलं की चीज, टोमॅटो आणि सहानुभूती एवढंच मिळतं. पुढच्या महिन्यात व्हिएतनामला जातोय आम्ही. (अंडं चालतं मला, नवऱ्याला नाही.)

रात्रपाळी

तिखटमीठ, व्हिएतनामात 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) असं लिहिलेली पाटी शोधा. रोमन लिपीत असते, त्यामुळे सापडते. बौद्ध परंपरेमुळे अनेक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात, त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही तोफू, मशरूमचे प्रकार दिसतात. तारखा जुळत असतील तर चैन आहे. मात्र साध्या गाडीवर 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. पॅटे लिव्हरचं, सॉसमध्ये फिश सॉस असू शकतो आणि ते मेयोनीज अंड्याचं. नवऱ्यासाठी चाय पाटीचंच दुकान बरं, आणि तिथेही अंड्याचं विचारून घ्या.

पॅरिसला गेलात तर मारे भागात र्‍यू दे रोझिएवर फलाफलची (छोल्यांच्या वड्यांची) दुकानं आहेत, पिटामध्ये तळलेलं वांगं, कोबी, ताहिनी असं ठासून भरतात. ज्यू वस्ती, म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर बरीचशी बंद. आमच्या ओळखीचे लोक बरोब्बर शनिवारी दुपारी तिथे जाऊन कुलपं बघून आले.

इटलीत चीजकडे लक्ष ठेवा. पार्मेजानो रेज्जानोत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं द्रव्य) असतंच, नियमच आहे तसा. कडक पाळत असाल तर विचारून घ्या.

धूमकेतू

कडकपाव यांच्या थिअरीला न्यू ऑर्लिन्समध्ये भोक पडतं.

तिथल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये डेकेटर स्ट्रीटवर सेंट्रल ग्रोसरी नावाचं दुकान आहे. नावाप्रमाणे किराणा दुकानच, सिसिलीहून आलेल्या साल्वातोरे लूपो यांनी १९०६ मध्ये काढलेलं. तिथला मफुलेटा. तीळ लावलेला गोल पाव, व्यास चांगला २५ सेंटीमीटर, त्यात हॅम, सलामी, मोर्टाडेला, दोन प्रकारचं चीज आणि त्यावर ऑलिव्ह सॅलड: ऑलिव्ह, सेलरी, फ्लॉवर, गाजर, लसूण असं तेलात मुरवलेलं. हा पाव आधीच भरून कागदात गुंडाळून ठेवलेला असतो. कुरकुरीत काही नाही, गरम काही नाही, डोळ्यांदेखत तर मुळीच काही नाही.

आम्ही अख्खं घेतलं (घेऊ नका, अर्ध्यात माणसं आडवी होतात). थोडं नदीकाठी खाल्लं, उरलेलं रात्री ट्रेनमध्ये. रात्रीचं कितीतरी सरस होतं! तेल, लसूण, व्हिनेगर सगळं पावात उतरलं होतं, चीज नरम पडलं होतं, कागदाला पारदर्शक डाग पडले होते. समोरच्या सीटवरचे आजोबा पुन्हा पुन्हा आमच्याकडे बघत होते, शेवटी त्यांनाही एक तुकडा दिला. तर सांगा आता, ताजा पाव कुठे आला यात?

(२०२१ च्या आयडा वादळात दुकानाच्या इमारतीचं नुकसान झालं आणि ते बराच काळ बंद होतं. २०२४ च्या डिसेंबरात परत उघडलं. जाणाऱ्यांनी वेळ आधी तपासा.)

कडकपाव

धूमकेतू, ते भोक नाही, पुरावा आहे. ताजा पाव ही माझी अट नाही, त्या कामाचा पाव ही आहे.

काही सँडविचं कोरडी राहावी म्हणून बांधलेली असतात, काही भिजावी म्हणून. मफुलेट्याचा पाव दाट आणि मजबूत, तो तेल पितो पण विरघळत नाही. व्हिएतनामी पावात ते सॅलड भरून रात्रभर ठेवलंत तर सकाळी चमच्याने खावं लागेल. नीसचं पाँ बान्या घ्या: ट्यूना, अँकोव्ही, उकडलेलं अंडं, कच्च्या भाज्या, ऑलिव्ह तेल, आणि वरून दाबून ठेवायचं, पावाने रस पिणं हाच त्याचा मुद्दा. मेक्सिकोत ग्वादलाहाराचं टोर्टा आओगादा तर अख्खं टोमॅटोच्या सॉसमध्ये बुडवतात. ते जमतं कारण तिथला बिरोटे नावाचा पाव आंबट आणि जाड कवचाचा असतो. मऊ पावाचं तेच केलंत तर लापशी.

म्हणून मला वाटतं, लक्षात राहणारं दुकान आणि जवळची बेकरी ही जोडी असते. मांस, चीज, सॉस दूरवर नेता येतं. पाव नेता येत नाही. ज्या शहराचं सँडविच, त्या शहराचा पाव. पायपीटताईंनी सगळे जिन्नस जमवले म्हणतात, पण एक जिन्नस विमानात शिळा झाला असता.

शास्त्रीबुवा

न्यू ऑर्लिन्स निघालंच आहे तर पो-बॉय हे तिथलं सँडविचही येऊ द्या, कडकपाव यांच्या बाजूने साक्ष होईल. १९२९ साली तिथे ट्रामच्या कामगारांचा संप झाला. बेनी आणि क्लोविस मार्टिन हे भाऊ पूर्वी स्वतः ट्रामवर कामाला होते, आता त्यांचं खाण्याचं दुकान होतं. संपकऱ्यांना फुकट खायला घालू, असं त्यांनी जाहीर केलं. अडचण अशी की फ्रेंच पाव दोन्ही टोकांना निमुळता, टोकं वाया जायची. मग जॉन जेंडुसा या बेकरने त्यांच्यासाठी टोकापासून टोकापर्यंत एकसारख्या रुंदीचा लांब पाव बनवला. म्हणजे सँडविचसाठी पावच बदलला. त्या शहरात तुम्ही ते 'ड्रेस्ड' मागितलंत तर लेट्यूस, टोमॅटो, पिकल आणि मेयोनीजसकट मिळतं.

उपाशीपोटी

संपकरी उपाशी होते, याची नोंद घेतली आहे.

सदाफुली

माझा अनुभव नेमका उलटा. युरोपातल्या एका शहरात (नाव नको) एका 'प्रसिद्ध' दुकानात गेलो. दाराबाहेर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले फोटो, सहा भाषांत मेनू, पंचावन्न प्रकार. मागितलेलं सँडविच फ्रिजमधून काढून प्रेसमध्ये दाबून दिलं. बाहेरून चटका बसेल इतकं गरम, मधोमध बर्फ. परत करायला गेले तर म्हणे हे असंच असतं. लेकीने ते कबुतरांना घातलं, एक कबूतर बघून निघून गेलं.

चिंगी

कबूतर बघून निघून गेलं!! 😂

गोगलगाय

सदाफुली, सहा भाषांतला मेनू दिसताच पाऊल मागे घ्यायचं. मी हे बघते:

पाटीवर प्रकार किती? आठ-दहाच्या वर गेले की मला शंका येते, कारण तेवढं सगळं रोज संपत नाही, मग फ्रिज आलाच. दुकानातून बाहेर पडणारे लोक बघायचे, आत जाणारे नाही. ते कागद उघडून चालता चालता खातायत का, की फोटो काढून पिशवीत ठेवतायत? टपालवाले, बांधकामवाले, नर्सेस, गणवेशातली माणसं आहेत का? त्यांना जेवायला सुट्टी थोडी असते आणि ती रोज तिथेच येतात, त्यामुळे त्यांना फसवून दुकान चालत नाही. आणि दुपारी दोनच्या सुमाराला 'पाव संपला' अशी चिठ्ठी लागत असेल तर दुसऱ्या दिवशी अकराला तिथे हजर राहायचं.

रेटिंगचे तारे मी बघतच नाही.

मोकाट

गणवेशवाले स्वस्त म्हणूनही जातात की हो. आणि तारे बघत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या मागच्या धाग्यावर हॉटेलचे तारे मोजून मोजून लिहिले होते. दिवे घ्या, गंमत करतोय.

गोगलगाय

हॉटेलात झोपायचं असतं. झोपेत चव कळत नाही. दिवा घेतला.

रात्रपाळी

रांगेवरून फ्लॉरेन्स आठवलं. व्हिया दे नेरीवर ऑल'अँतिको विनाईओ, तिथली रांग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाते. स्कियाच्चाता नावाचा चपटा, तेलकट-खारट पाव, त्यात मांस, चीज आणि एखादं क्रीम. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण लोक जवळपासच्या पायऱ्यांवर, दारात, फुटपाथवर बसून इतके खायला लागले की २०१८ मध्ये महापालिकेने त्या रस्त्यावर आणि आसपासच्या काही जागी जेवणाच्या वेळेत फुटपाथवर किंवा पायऱ्यांवर थांबून खायला मनाई केली. तेव्हा दंड होता १५० ते ५०० युरो. सँडविचपेक्षा बसणं महाग!

मी त्या रांगेला कंटाळून नदीच्या दिशेने निघालो आणि एका वळणावर एक लाम्प्रेदोत्तोची गाडी दिसली. गाईच्या चौथ्या जठराचं असतं ते, ज्यांना नको त्यांनी ही ओळ सोडा. पावाचं वरचं झाकण गाडीवाला काट्याला टोचून रश्शात एकदाच बुडवायचा आणि झटकन काढायचा. फक्त झाकण, खालचा भाग कोरडा. हातात धरता यायला हवं ना! कडकपाव, तुमची 'कोरडी' आणि 'भिजलेली' अशी वाटणी इथे एकाच पावात आहे.

कडकपाव

वा! हे माहीत नव्हतं. असंच लॉस एंजेलिसच्या फ्रेंच डिपचं, तिथे तर पाव एका बाजूने बुडवू, दोन्ही बाजूंनी बुडवू, असं विचारतात. तो प्रकार आपणच शोधला असं तिथली दोन दुकानं सांगत आलीत आणि दोन्ही दुकानं १९०८ मध्ये निघालेली.

धूमकेतू

एक बाळबोध प्रश्न. फलाफलचा पिटा, टोर्टा, रश्शातला पाव, हे सगळं सँडविच म्हणायचं का? मग बरिटोने (पातळ पोळीत गुंडाळलेलं मेक्सिकन सारण) काय घोडं मारलंय?

शास्त्रीबुवा

यावर चक्क कोर्टात निकाल झालाय. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शॉपिंग सेंटरने एका सँडविचवाल्या साखळीशी करार केला होता की इथे दुसरं सँडविचचं दुकान येणार नाही. पुढे तिथे बरिटोवाल्यांना जागा दिली, सँडविचवाले कोर्टात गेले. २००६ मध्ये न्यायाधीशांनी शब्दकोश आणि शेफमंडळींची प्रतिज्ञापत्रं बघून सांगितलं: बरिटो हे सँडविच नव्हे. उलट न्यूयॉर्क राज्याचं करखातं विक्रीकरापुरतं बरिटो आणि हॉट डॉग दोघांनाही सँडविचच धरतं.

आयर्लंडमध्ये याहून मजा. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या साखळीच्या सँडविचमधला पाव करापुरता पावच नाही असं ठरवलं. कायद्यात साखरेची मर्यादा पिठाच्या वजनाच्या २ टक्के, त्यांच्या पावात होती १० टक्के.

चिंगी

म्हणजे कडकपाव न्यायमूर्ती झाले तर निम्मी दुकानं बंद.

कडकपाव

निम्मी? उदार समजलात मला.

मोकाट

फिलाडेल्फियाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. १९३० मध्ये पॅट ऑलिव्हिएरी या हॉट डॉगवाल्याने पातळ कापलेलं बीफ तव्यावर परतून पावात घातलं, तिथून चीजस्टेकची सुरुवात. मूळच्यात चीज नव्हतं, ते पुढे आलं. त्याच्या बरोब्बर समोर १९६६ मध्ये जीनोज आलं. दोन्ही रात्री उशिरापर्यंत उघडी, दोन्हींकडे दिव्यांचा झगमगाट, आणि ऑर्डर देताना चीज कुठलं, कांदा हवा की नको, एवढं एका दमात सांगायचं. मी 'अं...' केलं आणि मागून उसासे ऐकू आले.

पण मला आवडलं ते दुसरंच. रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये भाजलेल्या पोर्कचं सँडविच, कडवट ब्रोकोली राब (एक पालेभाजी) आणि उग्र प्रोव्होलोन चीज. ते माझ्या यादीत नव्हतं, शेजारच्या स्टुलावरच्या बाईंच्या हातात बघितलं आणि बोट दाखवून मागितलं.

गोगलगाय

!!! म्हणजे पाय नेतील तिथे.

मोकाट

मार्केटला ठरवून गेलो होतो. स्टूल योगायोगाने.

सदाफुली

पायपीट, परत गेलात का त्या गाडीवर? आम्ही लिस्बनला एका चिंचोळ्या दुकानात बिफाना खाल्लं होतं, लसूण आणि वाइनमध्ये शिजलेलं पोर्क, दुकानदार ती मोठी कढई ढवळत ढवळतच पाव भरायचा, मोहरीची बाटली साखळीने टेबलाला बांधलेली. काही वर्षांनी मुद्दाम तीच गल्ली शोधत गेलो तर तिथे प्रवाशांच्या बॅगा ठेवायचे लॉकर. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, भाडं वाढलं, मुलाला करायचं नव्हतं. साखळी मात्र अजून भिंतीला होती.

पायपीट

अरेरे. हो, परत गेले, दुसऱ्या वेळी पोट भरलेलं असताना, मुद्दाम. उपाशीपोटी, कान इकडे करा. तितकंच चांगलं लागलं. त्या वेळी सकाळ होती, तेव्हा बाईंच्या गाडीजवळ एक मुलगा स्कूटरवर पावाची भलीमोठी पिशवी घेऊन आला. त्यांनी त्यातला एक मोडून बघितला, नाक मुरडलं आणि अर्धी पिशवी परत पाठवली. तो काही बोलला नाही, घेऊन गेला.

भूक नसताना एक गोष्ट मात्र नीट कळली. पहिल्यांदा मला वाटलं होतं की मांस आणि पॅटे यांचीच कमाल. दुसऱ्यांदा लक्षात आलं की सगळं काम ते लोणचं करतंय. त्याशिवाय इतकी चरबी अर्ध्यातच नको झाली असती. घरी मी गाजर-मुळा नुसता व्हिनेगरमध्ये टाकत होते. गाडीवरच्या बाई आधी मीठ-साखर चोळून पाणी काढतात, मग पिळून व्हिनेगरमध्ये. म्हणून ते वाकतं पण मऊ होत नाही, आणि पावही भिजत नाही.

कडकपाव

अर्धी पिशवी परत पाठवली. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

उपाशीपोटी

पुरावा विचाराधीन. दुसऱ्यांदा गेलात तेव्हा न्याहारी नक्की किती केली होती?

पायपीट

हॉटेलचा बुफे होता. त्याहून जास्त सांगणार नाही.

तिखटमीठ

रात्रपाळी, खूप आभार. तारखा बघितल्या, पौर्णिमा आमच्या मुक्कामातच येतेय! लोणच्याची कृती वहीत उतरवली. आता एकच, त्या तपकिरी सॉसचं काय? शाकाहारी असतो का?

रात्रपाळी

सोया किंवा मॅगीसारख्या सीझनिंगची बाटली असेल तर त्यात मासा नसतो. पण काही गाड्यांवर मांस शिजवलेला रस्साच वरून शिंपडतात आणि तोही तपकिरीच दिसतो. बाटली की पातेलं, ते बघा. पातेल्यातून पळीने येत असेल तर हात आडवा करा.

चिंगी

वाचनखूण साठवली. कोणीतरी कोपनहेगनबद्दल लिहा, पुढच्या उन्हाळ्यात जातेय. ते एकाच पावावर रचलेलं असतं ना, वर झाकण नसलेलं?

धूमकेतू

त्याला सँडविच म्हणायचं का, ते आधी शास्त्रीबुवांना विचारा. मग मी कोपनहेगनचं लिहितो.